रात्री कुत्रे का भुंकले नाही?

धसईच्या पलीकडे किंवा डोळखांबच्या खोऱ्यात कुठल्याही पाड्यावर रात्री परका माणूस शिरला की पहिली वर्दी कुत्री देतात. घरातले उठून बॅटरी शोधेपर्यंत त्यांना निम्मे कळलेले असते. भुंकणे एका जागी आहे की सरकते आहे, अंगावर धावून जाणारे आहे की शेपूट घालून मागे हटणारे, यावरून माणूस आला की रानडुक्कर की बिबट्या, हे अंथरुणातच ठरते. आणि एखाद्या रात्री खुराड्यातल्या कोंबड्या गेल्या, पण कुत्रे गप्पच होते, तर सकाळी चौकशी कुठून सुरू करायची हे कुणाला शिकवावे लागत नाही. चोर ओळखीचा.

आर्थर कॉनन डॉयलने हाच तर्क शेरलॉक होम्सच्या तोंडी घातला. 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा १८९२ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात आली. शर्यतीचा घोडा तबेल्यातून रात्रीत नाहीसा होतो, त्याला तयार करणारा माणूस माळावर मेलेला सापडतो, आणि तबेल्यातले कुत्रे मात्र त्या रात्री आवाज करत नाही. लंडनच्या वाचकाला यात होम्सच्या बुद्धीची चमक दिसली. आपल्या पाड्यावरच्या म्हातारीला ती रोजची गोष्ट वाटेल.

कागदावर सोपा असलेला हा धागा रेडिओवर आणायचा म्हटला की पंचाईत होते. न झालेला आवाज ऐकवायचा कसा? छापील कथेत वाचक दोन पाने मागे जाऊन कुत्र्याचा उल्लेख शोधू शकतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, कानावरून गेले ते गेले. म्हणून रूपांतर करणाऱ्याला कुत्रे आधी भुंकवावे लागते. डॉयलच्या कथेत त्याची सोयही आहे. संध्याकाळी एक अनोळखी माणूस घोड्याची खबर काढायला तबेल्याशी येतो आणि पोरगा त्याच्यावर कुत्रे सोडायला धावतो. रेडिओवर हे भुंकणे चांगले लांबवायचे, श्रोत्याच्या कानात बसवायचे. मग मध्यरात्रीच्या प्रसंगात कडी निघते, गवतावर टापा वाजतात, वारा असतो आणि कुत्रे नसते. ज्याचा कान तयार आहे तो त्याच क्षणी उठून बसतो. होम्सने उलगडा करण्याआधी त्याला उत्तर मिळालेले असते.

रहस्यकथेचे आणि रेडिओचे इतके का जमते, याचे उत्तर इथेच आहे. पडद्यावर दिग्दर्शक आपल्याला हवे ते दाखवतो, नको ते झाकतो. रेडिओवर श्रोता मुळात अंधारातच बसलेला असतो. पुरावा जो काही येतो तो आवाजाचा, आणि त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. माझे ठाम मत आहे की या प्रकारासाठी शहापूर-मुरबाडसारखा श्रोता शोधून सापडणार नाही, आणि मराठी रेडिओने त्याच्या कानाचे पुरते चीज अजून केलेले नाही.

हा ठाणे जिल्ह्याचा डोंगराळ भाग. शहापूरला माहुली, तानसा, भातसा. मुरबाडला माळशेज, नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड. कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती. कल्याण सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागले, गोवेली मागे पडली की गाडीतले मुंबईचे एफएम खरखरू लागते आणि पुढे एखाद्या डोंगराच्या आड गेले की बंदच होते. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये सह्याद्री आला की संपल्या. मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जातात. त्यामुळे मालाडच्या प्रक्षेपकावरून निघणारी मुंबई 'ब', म्हणजे आजची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्‌झवर या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली.

रेडिओ तयारही याच जिल्ह्यात होत होते. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. ज्या संचाच्या जाहिरातीतले गुटगुटीत बाळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर हसायचे, तो संच लग्नात आहेर म्हणून आला की घराची ऐट वाढायची. ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. सेल महाग, म्हणून बातम्या, आपली आवड आणि नाटक एवढ्यापुरताच रेडिओ लावायचा. उतरलेले सेल उन्हात ठेवून आणखी दोन-चार दिवस ओढायचे. भाताच्या खळ्यावर राखणीला जाताना चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर खांद्याला असायचा. खळ्यावरच्या अंधारात नाटक ऐकणे आणि मुंबईच्या खोलीत दिवा लावून ऐकणे यात फरक आहे. इथे पार्श्वसंगीताला रातकिडे असतात आणि नाटकातले पाऊल वाजले की खरोखरचे मागे वळून पाहिले जाते.

मुंबई केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे म्हणून. पुढे तिथे मराठी नभोनाट्याची जी परंपरा उभी राहिली, तिचे मोठेपण आवाजांत आहे. 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकांमधले प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी यांचे चेहरे श्रोत्यांपैकी फार थोड्यांनी पाहिले असतील. आवाज मात्र घरातल्या माणसासारखे ओळखीचे झाले. नीलम प्रभूंचा आवाज वयाप्रमाणे, मनःस्थितीप्रमाणे इतका बदलायचा की वेगवेगळ्या वयांच्या भूमिकांसाठी वेगळी नटी शोधावी लागत नसे. रहस्यनाट्याला असाच नट लागतो. तिथे संशयितांच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही. खोटे बोलताना श्वास किंचित अडतो, एवढीच खूण.

रत्नाकर मतकरींच्या लेखनाची सुरुवातही मुंबई आकाशवाणीवर झाली. 'वेडी माणसं' ही त्यांची एकांकिका १९५५ साली तिथून सादर झाली. पुढे त्यांनी मराठी गूढकथेला जे वळण दिले त्यात ऐकण्याला फार जागा आहे. न दिसणाऱ्या गोष्टीची भीती घालायची हातोटी त्यांना रेडिओने दिली असावी, असे मला त्यांच्या कथा वाचताना पुन्हा पुन्हा वाटते. आणि विविध भारतीवर मुंबई-पुणे-नागपूरहून १९६७ च्या नोव्हेंबरात जाहिराती सुरू झाल्यानंतर प्रायोजित कार्यक्रमांचे दिवस आले, त्यांत विनोद शर्मांचा 'इन्स्पेक्टर ईगल' होता. थर्मासच्या जाहिरातीसाठी काढलेला हा हिंदी पोलिस अधिकारी शाळकरी पोरांना तोंडपाठ होता. कार्यक्रम छोटा, गुन्हा सुटसुटीत, पण आठवडाभर त्याची चर्चा.

बाहेर हे लोण आधीच पोचलेले होते. होम्स रेडिओवर पहिल्यांदा आला २० ऑक्टोबर १९३० रोजी, अमेरिकेत एनबीसीवर. कथा होती 'स्पेकल्ड बँड', होम्स झाले होते रंगभूमीवर ती भूमिका वर्षानुवर्षे करणारे विल्यम जिलेट, आणि लेखन एडिथ मायझर या बाईंचे. पुरस्कर्ती कॉफी कंपनी होती. म्हणून निवेदक होम्सचा सोबती वॉटसन याच्या घरी कॉफी प्यायला जायचा आणि वॉटसन शेकोटीपाशी बसून जुनी हकिगत सांगायचा. जाहिरातही झाली आणि गोष्टीला सांगणाराही मिळाला. वॉटसन ही रेडिओला लाभलेली देणगीच आहे. जे दिसत नाही ते तो सांगतो, आणि श्रोत्याच्या मनातला प्रश्न तो विचारतो. पुढे बीबीसीने १९८९ ते १९९८ या काळात क्लाइव्ह मेरिसन आणि मायकेल विल्यम्स यांना घेऊन होम्सच्या सगळ्याच्या सगळ्या ६० कथा-कादंबऱ्या केल्या. मुख्य लेखक बर्ट कूल्स.

अगाथा ख्रिस्तीची गोष्ट आणखी बोलकी आहे. राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला बीबीसीने विचारले, तेव्हा तिने ख्रिस्तीचे काहीतरी ऐकायचे आहे असे कळवले. ख्रिस्तीने अर्ध्या तासाचे नभोनाट्य लिहून दिले, 'थ्री ब्लाइंड माइस', आणि ते ३० मे १९४७ रोजी प्रसारित झाले. त्याचेच वाढवलेले रूप म्हणजे 'द माउसट्रॅप'. लंडनमध्ये ते २५ नोव्हेंबर १९५२ ला लागले आणि कोरोनाच्या टाळेबंदीचा खंड सोडला तर अजून चालू आहे. जगातल्या सर्वांत दीर्घायुषी नाटकाचा जन्म रेडिओच्या अर्ध्या तासात झाला, हे आपल्या नाटकवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता 'स्पेकल्ड बँड'च पाहा. रूपांतरासाठी याहून चांगली कथा नाही. एका तरुणीला रात्री जागेपणी बारीक शीळ ऐकू येते. अशाच शिळेनंतर आणि धातूची वस्तू पडल्यासारख्या खणखणाटानंतर तिची बहीण दोन वर्षांपूर्वी मेलेली असते. होम्स आणि वॉटसन त्या खोलीत दिवा विझवून बसतात. पुढचे कित्येक तास वॉटसनला काही दिसत नाही: लांबून गिरजाघराच्या घंटेचे टोले, रातपक्ष्याची साद, मग किटलीतून वाफ निसटावी तसा हलका आवाज. डॉयलने जणू रेडिओ येण्याआधीच रेडिओनाटक लिहून ठेवले आहे. ही कथा मराठीत करताना स्टुडिओत काय लागेल? कडी-कोयंड्यासह एक दाराची चौकट, ती आकाशवाणीच्या नाट्यविभागात असतेच. लोखंडी तिजोरीचे झाकण. पावलांसाठी खडीचा खोका. शीळ प्रत्यक्ष माणसाने घालायची आणि मायक्रोफोनकडे पाठ करून, म्हणजे ती भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटेल. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे त्या अंधारातली शांतता. रेडिओवर निव्वळ शांतता चालत नाही, श्रोत्याला वाटते सेल उतरले. म्हणून शांततेलाही आवाज द्यावा लागतो: घड्याळाची टिकटिक, वॉटसनचा आवरून धरलेला श्वास, आणि मग तोही थांबतो.

मराठीत गुन्हा-तपासाचे साहित्य काही कमी नाही. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी रेनॉल्ड्‌सच्या कादंबऱ्यांवरून 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवन गुहा' अशी पुस्तके रचून शंभर वर्षांपूर्वी वाचकांची झोप उडवली. पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी करणारे भालबा केळकर यांनी होम्स मराठीत आणला. आणि बाबुराव अर्नाळकर! चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. गिरगावात चष्म्याचे दुकान चालवता चालवता या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या नायकांची नावे एके काळी महाराष्ट्राच्या एसटी स्टँडांवर भज्यांच्या वासाइतकी घट्ट बसलेली होती. त्यांनी जे नाव घेतले त्यातला अर्नाळा वसई तालुक्यातला, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पुढे ही परंपरा चालवली. या साऱ्या साहित्याला समीक्षकांनी अंगणाबाहेर उभे केले, पण वाचणाऱ्यांनी घरात घेतले.

बंगालीने हे धन कानावाटे जपले. कोलकात्याच्या रेडिओ मिर्चीने २००९ साली 'संडे सस्पेन्स' सुरू केले. मीर यांचे निवेदन, फेलूदा या गुप्तहेराला सव्यसाची चक्रवर्तींचा आवाज. ब्योमकेश, फेलूदा, होम्स, सगळे त्यात आले. रविवारी दुपारी जेवणानंतर ऐकायचा कार्यक्रम म्हणून तो घराघरात रुजला आणि पुढे मोबाइलवरही गेला. छोटूला आणि धनंजयला हे भाग्य का मिळू नये?

शहापूर-मुरबाडचा विचार करताना मला एक खरी तपासकथा सारखी आठवते. तीत रेडिओही आहे आणि मुरबाडचा डोंगरही. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून काँग्रेसचे गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. ४२.३४ मीटरवर. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर ही मंडळी त्यामागे. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक एका जागेहून दुसऱ्या जागी हलवत राहायचे. पोलिस काय करत होते? तेही रेडिओ लावून बसत होते. प्रत्येक प्रसारण ऐकून टिपून घेत होते. त्या केंद्रावरून काय काय बोलले गेले हे आज आपल्याला कळते, ते बऱ्याच अंशी पोलिसांच्या या टिपणांमुळे. १२ नोव्हेंबरला छापा पडला, तो केंद्राच्याच एका तंत्रज्ञाच्या फितुरीने. उषाबेनना चार वर्षांची सजा झाली, त्या १९४६ मध्ये सुटल्या.

मुंबईत हे चालू असताना माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल, कर्जत-मुरबाडच्या डोंगरात आझाद दस्ता घेऊन फिरत होते. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे त्यांचा दस्ता पाडत होता. इथेही शोध होता, खबरे होते, रात्रीची वाटचाल होती. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात, भाषणे होतात, मशाली येतात. या प्रसंगाचे नभोनाट्य त्याच मुक्कामावर, त्याच रानात, रात्री ऐकवले तर काय होईल याची कल्पना करा. पहाटेचा गारठा, वाळक्या पानांवरचे बूट, आणि कुणीतरी वाट दाखवली म्हणून इथवर आलेले पोलिस. वाट कुणी दाखवली, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आपोआप उभा राहील.

अभिजात रहस्यकथा इथल्या मातीत उतरवायच्या म्हटल्या तर त्यासाठी ओढाताण करावी लागत नाही. ख्रिस्तीला पाहुण्यांना एका घरात कोंडायला बर्फ लागला. आपल्याला माळशेजची दरड पुरे. जुलैत घाट बंद झाला, टोकावड्याच्या पुढे एसटी अडकली, सात माणसे एका घराच्या पडवीत रात्र काढताहेत, कौलांवर पाऊस, आणि सकाळी सहाच उठली. आगगाडीतला खून करायचा तर कसारा घाट आहे. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते आणि इगतपुरीचा चढ चढवायला मागून बँकर इंजिने जोडली जातात. जोडताना गाडीला धक्का बसतो, कपलिंगचा खणका ऐकू येतो. खर्डी-आटगावचा रोज ये-जा करणारा माणूस हा आवाज झोपेतही ओळखतो. समजा एखादा संशयित सांगतो की मी पूर्ण वेळ जागा होतो, गाडी कल्याणनंतर थेट इगतपुरीलाच थांबली. मुंबईचा श्रोता पुढे ऐकत राहील. कसाऱ्याचा श्रोता म्हणेल, थांब, हा खोटे बोलतोय.

बोलीचेही तसेच. रेडिओची मराठी बराच काळ गिरगाव-सदाशिव पेठेची राहिली. पण तपासात साक्षीदाराची बोली हाच मोठा पुरावा असतो. मुरबाडची कुणबी बोली, भिवंडीकडची आगरी, ठाकरांची ठाकरी, कातकऱ्यांची बोली ही कानाला लगेच वेगळी पडते. म्हशाच्या यात्रेत घोंगड्यांच्या दुकानापाशी उभे राहून दहा मिनिटे ऐकले तर कोण कुठल्या खोऱ्यातून आला हे सांगणारी माणसे आजही भेटतात. मी घाटावरचा व्यापारी आहे असे सांगणारा माणूस बैलाच्या भावावर घासाघीस करताना एका क्रियापदात उघडा पडतो. चेहऱ्याच्या माध्यमाला ही खूण जमत नाही. त्यासाठी त्या त्या बोलीचे नट घ्यावे लागतील आणि ते इथेच आहेत, भजनी मंडळांत, महाविद्यालयांच्या एकांकिकांत.

राहतो प्रश्न हक्कांचा आणि लहरींचा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतात. अर्नाळकर १९९६ साली गेले, त्यांच्या कथांना २०५६ अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागेल, आणि ती मागावी. ब्योमकेशचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय १९७० साली गेले, ब्योमकेश २०३० नंतर मोकळा. ख्रिस्ती १९७६ साली गेली, म्हणून २०३६ पर्यंत थांबावे लागेल. दातारशास्त्री १९४१ मध्ये वारले, त्यांचे सगळे खुले आहे. भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, हे मात्र विसरू नये.

लहरींसाठी आकाशवाणीकडे आग्रह धरावाच. पण सामुदायिक रेडिओचा मार्गही आहे. शैक्षणिक संस्थांना तो २००२ पासून खुला आहे, स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून. १०० वॉटचा प्रक्षेपक दहा-बारा किलोमीटरचा पल्ला देतो, म्हणजे मुरबाड शहर आणि भोवतालची गावे सहज. साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी अशीच चालते. शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांनी हे मनावर घ्यावे. दर वर्षी स्पर्धेसाठी एकांकिका बसवता, त्याच मुलांना घेऊन एक नभोनाट्य बसवा. नेपथ्य नको, वेशभूषा नको, एक शांत खोली आणि एक चांगला मायक्रोफोन पुरतो. मूळ इंग्रजीवरून स्वतःच्या बोलीत लिहा. डॉयल १९३० साली वारला. होम्सच्या सर्व ६० प्रकरणांसाठी भारतात कुणाचीही परवानगी लागत नाही.